खान्देशी सामानातलं चिकन-भाजी कॅसरोल: ओव्हन नवा असेल तर इथून सुरुवात करा

आमच्या धुळ्यात कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यापुढे येतो. मी पहिल्यांदा हा शब्द काढला तेव्हा आत्याबाईंनी सरळ विचारलं, "त्या डब्यात चिकन कसं शिजवशील?" मी म्हणतेय तो पदार्थ वेगळा. खोलगट भांड्यात चिकन, भाज्या आणि दाटसर सॉस यांचे थर लावायचे, भांडं तसंच ओव्हनमध्ये भाजायचं आणि त्याच भांड्यातून ताटात वाढायचं. भांड्याचं नाव पदार्थाला पडलं, जसं आपण हंडीत केलेल्याला हंडीच म्हणतो.

मी याच्या मागे लागले ते मामंजींमुळे. डॉक्टरांनी त्यांना तेल कमी करायला सांगितलं आणि आमच्याकडे रविवारचं चिकन म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री. मी उकडलेलं चिकन आणि वाफवलेल्या भाज्या पुढे ठेवल्या तर त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मग भाजून करायच्या पाककृती शोधल्या. त्यांत क्रीम, लोणी, मैद्याचा सॉस आणि वर चीजचा जाड थर. त्यापेक्षा तर्री काय वाईट होती? शेवटी क्रीमच्या जागी भरताचं वांगं आणि चक्का आणला, मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ, पावाच्या चुऱ्याऐवजी शिळी भाकरी. पहिले तीन प्रयत्न फसले. चौथ्यापासून जमलं आणि गेलं दीड वर्ष महिन्यातून एक-दोनदा हा पदार्थ घरात होतोच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठीच आहेत. हा पदार्थ ओव्हनमध्ये बिघडत नाही, ओव्हनमध्ये जायच्या आधी बिघडतो. बिघडवतं ते पाणी. चिकनचं पाणी, भाज्यांचं पाणी, दह्याचं पाणी. कढईत पाणी सुटलं तर आपण गॅस मोठा करून आटवतो. झाकलेल्या भांड्यात ते पाणी जाणार कुठे? तळाशी साचतं, भाज्या उकडतात आणि वरचा चुरा ओला होतो. म्हणून प्रत्येक वस्तूचं पाणी आधी काढायचं. एवढं सांभाळलंत तर बाकीच्या चुका खपून जातात.

१. आधी घरात बोलून घ्या

ही पायरी पाककृतींत कुणी लिहीत नाही, पण आपल्याकडे ती पहिली आहे. खान्देशात कित्येक घरांत मांस-मच्छीची भांडी वेगळी असतात, कुठे चूलही अंगणात वेगळी असते. ज्या ओव्हनमध्ये मुलांचा केक आणि बट्ट्या होतात त्यात चिकन गेलेलं घरातल्या एखाद्या शाकाहारी माणसाला चालणार आहे का, हे आधी विचारा. आमच्याकडे मोठ्या जाऊबाई खात नाहीत. आम्ही चिकनसाठी वेगळा ट्रे, वेगळी जाळी आणि वेगळी डिश ठेवली. काम झालं की ओव्हन आतून पुसून दहा मिनिटं रिकामा तापवायचा, असं ठरलं. त्यांच्यासाठी त्याच दिवशी, पण आधी, पनीर आणि मटाराची छोटी डिश भाजून काढते. तेव्हापासून कुरबुर नाही.

ज्यांना ओव्हन म्हणजे शहरी थेर वाटतं त्यांना बट्टीची आठवण करून द्या. गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणाऱ्या मुलखाला भाजणं काय नवीन आहे?

२. ओव्हन आणि वीज

बाजारात तीन प्रकार दिसतील. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही, त्यात पदार्थ गरम होतो पण खरपूस होत नाही. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह चालतो, त्यातलं कन्व्हेक्शनचं बटणच वापरायचं. सगळ्यात सोपा ओटीजी, ज्यात वर-खाली तापणाऱ्या कांड्या असतात. पाच-सहा माणसांच्या डिशसाठी २५ ते ३० लिटरचा घ्या.

एवढा ओटीजी साधारण १५०० वॅट घेतो. तो मिक्सरच्या छोट्या सॉकेटमध्ये लावायचा नाही, फ्रिज-गिझरसाठी असतं तसं १५-१६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. मी पहिल्या महिन्यात मल्टिपिन लावून छोट्या सॉकेटला जोडला होता. अर्ध्या तासात प्लास्टिक वितळल्याचा वास आला, पिन काळी पडली. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून ओट्यावर मोठं सॉकेट काढून घेतलं. विजेचा खर्च फार नाही: पूर्ण तासभर चालला तरी दीड युनिट.

व्होल्टेजकडे मात्र लक्ष ठेवा. खेड्यावर संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे आपल्याला माहीत आहे, पण ओव्हनवर त्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा होतो. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर उष्णता जेमतेम दोन-तृतीयांश उरते. पाककृतीत चाळीस मिनिटं लिहिलंय आणि तुमचं चिकन कच्चंच, असं झालं तर बऱ्याचदा कारण हेच. शक्यतो दुपारी भाजा आणि भारनियमनाची वेळ बघून सुरू करा. अर्धवट भाजलेलं चिकन बंद ओव्हनमध्ये दोन तास पडून राहणं धोक्याचं आहे. वीज गेलीच तर वाट बघत बसू नका, सगळं कढईत काढून गॅसवर पूर्ण शिजवून घ्या. दिसायला भाजी दिसेल, पण पोटाला त्रास होणार नाही.

३. भांडं

ओव्हनला चालणारी काचेची, सिरॅमिकची किंवा जाड ॲल्युमिनियमची डिश घ्या. साधारण दोन लिटरची, दोन-अडीच इंच खोल. घेताना ओव्हनच्या आतलं माप टेपने मोजून दुकानात जा, कारण कडांचे कान धरून डिश आत बसत नाही असं फार वेळा होतं.

काचेला एकदम गरम-थंड सोसत नाही. फ्रिजमधली डिश थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, आणि गरम डिश ओल्या ओट्यावर तर अजिबात नको. माझी दुसऱ्या खेपेची डिश तशीच गेली. बाहेर काढली, नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर ठेवली आणि टच्च आवाज होऊन मधोमध तडा गेला. काचेची कपची कुठे गेली असेल या भीतीने सगळं चिकन टाकावं लागलं. आता लाकडी पाट आधी मांडून ठेवते, त्यावर घडी घातलेलं कोरडं फडकं.

४. सामान (सहा जणांसाठी)

चिकनसाठी:
- लेग बोनलेस, कातडं काढलेलं: ६०० ग्रॅम
- दही २ मोठे चमचे, आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, हळद, अर्धं लिंबू
- घरचा काळा मसाला: दीड ते दोन चहाचे चमचे
- मीठ: १ चहाचा चमचा

भाज्या:
- बटाटे २, गाजरं २, फ्लॉवर पाव किलो, मटार १ वाटी, ढोबळी मिरची १, कांदे २, टोमॅटो २
- कांद्याची पात मूठभर

सॉससाठी:
- भरताचं मोठं वांगं १ (अर्धा किलोच्या आसपास)
- दही ४०० ग्रॅम, म्हणजे टांगून साधारण २०० ग्रॅम चक्का
- ज्वारीचं पीठ २ मोठे चमचे, बारीक चाळलेलं
- दूध अर्धी वाटी
- मीठ अर्धा चहाचा चमचा

वरच्या थरासाठी:
- शिळी ज्वारीची भाकरी दीड, दादर जातीच्या ज्वारीची असेल तर उत्तमच
- शेंगदाण्याचा जाडसर कूट २ मोठे चमचे, तीळ १ चमचा, लसूण ४ पाकळ्या, कोथिंबीर

तेल: शेंगदाण्याचं, सगळं मिळून चहाचे ६ चमचे. माणशी एक. सकाळीच वाटीत मोजून ठेवा आणि त्याच्यावर जाऊ नका. बाटली हातात आली की हात सैल सुटतो.

मसाल्याबद्दल थोडं. कुटून आणताना तुमच्या काळ्या मसाल्यात मीठ घातलं असेल तर वरचं मीठ कमी करा. आणि रश्श्याइतका मसाला घालू नका. रश्श्यात तो पाण्यात पसरतो, इथे एकवटून राहतो. पहिल्यांदा मी तीन मोठे चमचे घातले होते, मुलांना दोन घास गेले नाहीत.

५. चिकन आणणं आणि मुरवणं

दुकानात "बोनलेस द्या" म्हटलं की बहुतेक छातीचं मांस देतात. तुम्ही "लेग बोनलेस" मागा. छातीचं मांस कमी चरबीचं असतं हे खरं, पण ओव्हनमध्ये ते जरा जास्त वेळ राहिलं की चोथ्यासारखं कोरडं होतं. मांडीचं मांस नवशिक्याला सांभाळून घेतं. कातडं काढलं की बरीचशी चरबी तिथेच जाते. तुकडे दीड इंचाचे, सगळे एकाच मापाचे करून घ्या. हाडाचं चालेल का? चालतं, पण पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात आणि मुलांना थरातून हाडं शोधत बसावं लागतं.

आता धुण्याचा विषय. आपण नळाखाली हळद-मीठ लावून चिकन खळाखळा धुतो. त्यात शिंतोडे उडून कच्च्या चिकनमधले जंतू सिंक, ओटा, शेजारच्या काकडी-कोथिंबिरीपर्यंत जातात. जंतू मरतात ते शिजवल्याने, धुतल्याने नाही. आमच्याकडे आत्याबाईंना न धुतलेलं चिकन मानवेना, म्हणून तोडगा काढला: पातेल्यात पाणी घेऊन त्यात चिकन हलकेच बुडवून काढायचं, नळ सोडायचा नाही, मग सिंक आणि हात साबणाने धुवायचे. त्यानंतर तुकडे चाळणीत निथळू द्यायचे आणि स्वच्छ कागदाने टिपून घ्यायचे. टिपलं नाही तर तेही पाणी डिशमध्येच जाणार.

दही, वाटण, हळद, मसाला, मीठ, लिंबू लावून फ्रिजमध्ये एक-दोन तास ठेवा. रात्रभरही चालतं. ओट्यावर मुरवू नका, धुळ्या-जळगावच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

अजून एक, कारण आपल्या भागात हा प्रश्न हमखास निघतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला, आणि कित्येक घरांनी तेव्हा चिकन सोडलं ते सोडलंच. तो विषाणू ७० अंशांच्या वर नीट शिजवलेल्या चिकनमध्ये जगत नाही. पुढे मधल्या तुकड्यासाठी मी ७४ अंश सांगितलेत, ते यासाठीही आणि इतर जंतूंसाठीही.

६. वांगं भाजणं

या पदार्थाचा जीव इथे आहे, म्हणून घाई करू नका.

वांगं भरताचं हवं, मोठं, फिकट हिरवं, पांढरट रेघांचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी त्याच्यासाठी अडून बसते ते नावासाठी नाही. त्यात बी कमी आणि गर जास्त असतो. भाजून घोटलं की गर लोण्यासारखा होतो आणि सॉसमध्ये क्रीमचं काम करतो. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बी भरलेलं असतं.

सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, तेलाचं बोट फिरवा आणि गॅसवर मध्यम आचेवर फिरवत भाजा. गावाकडे असाल आणि कपाशीच्या काड्या हाताशी असतील तर त्यांच्यावरच भाजा, तो धुराचा वास गॅसला येत नाही. साल पूर्ण काळी पडली, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. देठाजवळचा भागच कच्चा राहतो, तिथे जास्त वेळ द्या.

आता महत्त्वाचं. भाजलेलं वांगं सोलून चाळणीत ठेवा आणि खाली वाटी लावा. पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी, जरासं कडवट पाणी खाली गळतं. माझ्या वांग्याचं पाऊण वाटी भरलं होतं! ते पाणी टाकून द्या. मग गर सुरीने बारीक करा किंवा बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, हलकेच ठेचा. मिक्सरमध्ये फिरवलात तर चिकट लगदा होतो.

उन्हाळ्यात असं वांगं मिळत नाही. तेव्हा मी लाल भोपळा वाफवून, कोरडा करून घोटते. गोडसर लागतो, म्हणून लिंबू थोडं वाढवते.

७. भाज्यांचं पाणी काढणं

सगळ्या भाज्या एका वेळी कढईत टाकल्या तर बटाटा कच्चा आणि ढोबळी मिरची गळून गेलेली, असं होतं. भाजीप्रमाणे वागा:

- बटाटा, गाजर: पाव इंचाच्या चकत्या. उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटं, मग निथळून फडक्यावर पसरा. ओव्हनमध्ये कच्चा बटाटा चिकनच्या वेळेत शिजत नाही.
- फ्लॉवर: त्याच पाण्यात दोन मिनिटं. जास्त ठेवला तर वास मारतो.
- टोमॅटो: बिया आणि आतलं पाणी काढून फक्त गर.
- कांदा, ढोबळी मिरची, मटार: लोखंडी कढईत एक चमचा तेलावर मोठ्या आचेवर पाच मिनिटं. झाकण ठेवू नका. मीठही आता नको, मिठाने पाणी सुटतं.

गिलके, दुधी, कोबी घालायचा मोह होईल, बाजारात ताज्या दिसतात. पहिल्या खेपेला नको. त्यांना पाणी फार. पुढे घालायच्याच असतील तर किसून, मीठ लावून, दहा मिनिटांनी घट्ट पिळून घाला. पिळलेलं पाणी भाकरीच्या पिठात वापरा.

८. सॉस

दही दोन-तीन तास फडक्यात टांगा. उन्हाळ्यात चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये, नाहीतर आंबतं.

कढईत दोन चमचे तेल, त्यात ज्वारीचं पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. दूध थोडं थोडं घालत, सारखं हलवत पिठलं करतो तसं करा. तीन-चार मिनिटं शिजू द्या, ज्वारी कच्ची राहिली तर घशाला लागते. गॅस बंद. कोमट झाल्यावर वांग्याचा गर आणि मग फेटलेला चक्का घाला, उरलेलं मीठ घाला.

चक्का गरम सॉसमध्ये घातला तर फाटतो, सॉसमध्ये दाणे दिसतात. पिठामुळे दही फाटायचं बरंचसं थांबतं, कढीला आपण बेसन लावतो ते याच कारणाने. तरी कोमट होईपर्यंत थांबाच. सॉस श्रीखंडापेक्षा जरा सैल असावा. चमच्यावरून ओघळला पाहिजे, धार लागता कामा नये. पातळ वाटला तर आता आटवायला जाऊ नका, एक चमचा भाजलेलं पीठ आणखी घाला.

९. चिकन परतणं आणि थर लावणं

इथे आल्यावर ओव्हन १९० अंशांवर तापायला लावा, दोन्ही कांड्या चालू. दहा-बारा मिनिटं लागतात.

तवा चांगला तापवून दोन चमचे तेलावर चिकन दोन वेळा करून परता. एकदम टाकलं तर तवा थंड होतो आणि चिकन स्वतःच्याच पाण्यात उकडतं. प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, कडा तांबूस झाल्या की काढा. आत ते कच्चंच आहे, चाखून बघू नका. तव्यात उरलेला रस उकळून मधासारखा आटवा आणि सॉसमध्ये मिसळा, चव त्यातच आहे.

परतलेलं चिकन ठेवून देऊन बाजारात जाऊ नका. अर्धकच्च्या, कोमट चिकनमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर वांगं, सॉस, भाज्या करून ठेवा, चिकन मुरवून कच्चंच फ्रिजमध्ये ठेवा आणि परतायचं काम भाजायच्या वेळीच करा.

थर असे: तळाला बटाट्याच्या चकत्या, त्यावर चार चमचे सॉस, मग चिकन, मग उरलेल्या भाज्या आणि कांद्याची पात, वर बाकीचा सॉस. हलके दाबून सपाट करा. वर अर्धा इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी करपतं.

१०. भाकरीचा चुरा

पावाचा चुरा आणि चीज घालतात ती जागा आपण भाकरीला देऊ. सकाळची किंवा कालची भाकरी हाताने कुस्करा, मिक्सरमध्ये पीठ करू नका, बाजरीच्या दाण्याएवढे कण हवेत. भाकरी ओलसर असेल तर तव्यावर कोरडी करून घ्या. त्यात शेंगदाण्याचा कूट, तीळ, ठेचलेला लसूण, कोथिंबीर आणि उरलेलं एक चमचा तेल बोटांनी चोळा. कळण्याच्या भाकरीचा चुराही सुरेख होतो, उडदामुळे आणखी खमंग. शिळी बट्टी असेल तर तिचाही.

मुलांना चीज हवंच असेल तर एक क्यूब किसून चुऱ्यात मिसळा, एवढ्याने त्यांचं समाधान होतं.

हा चुरा आत्ता पसरायचा नाही. आधी झाकून भाजायचं आहे.

११. भाजणं

आमच्या भागात केळीच्या पानाला तोटा नाही. पान गॅसवरून फिरवून मऊ करा, डिशवर पसरा आणि त्यावर फॉइल घट्ट बसवा. दही-टोमॅटोचा आंबट सॉस फॉइलला लागत नाही आणि पानाचा मंद वासही उतरतो. पान फॉइलच्या बाहेर लोंबू देऊ नका, कांडीजवळ गेलेली कड जळते.

मधल्या जाळीवर २० मिनिटं झाकून. मग जाड हातमोजे घालून काढा, झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूने उघडा, आत वाफ कोंडलेली असते. चुरा पसरा आणि उघडंच १५ ते २० मिनिटं भाजा. शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कांडी, आणि त्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. शेंगदाणा तांबूस व्हायला तीन मिनिटं लागतात, काळा व्हायला आणखी एक.

झालं हे कसं ओळखायचं? खात्रीचा मार्ग म्हणजे अन्नात टोचायचा थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो आणि नव्या माणसाने घ्यावाच. मधोमधच्या सगळ्यात जाड तुकड्यात टोक गेलं पाहिजे आणि ७४ अंश दिसले पाहिजेत. कडेचा तुकडा मोजून फसू नका, कडा आधी शिजतात. थर्मामीटर नसेल तर मधला तुकडा काढून फाडा: आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा, मांस तंतूंतून सुटलं पाहिजे. शंका आली की आणखी सात-आठ मिनिटं. ओटीजीचा काटा दहा-वीस अंश इकडेतिकडे असतो, त्यामुळे तुमच्या ओव्हनची खरी वेळ दोन खेपांनंतर कळेल. ती वहीत लिहून ठेवा.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या कढईत किंवा जुन्या कुकरमध्ये तळाला इंचभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा. कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून. आत ॲल्युमिनियमची डिश ठेवा (काचेची नको), मध्यम-मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. झाकणाला जमणारं पाणी थेंब थेंब पडतं, म्हणून डिशवर फॉइल शेवटपर्यंत ठेवा. चुरा तव्यावर वेगळा खरपूस करून वाढताना वरून घाला. बट्टीसाठी गॅसवर ठेवायचा तंदूर घरात असेल तर त्यातही याच पद्धतीने होतं.

१२. वाढणं आणि उरलं तर

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर सॉस वाहतो, थोडं मुरलं की थर धरून राहतात. आमच्याकडे सोबत भाकरी, कच्चा कांदा, काकडी आणि मोठ्यांसाठी हिरव्या मिरचीचा ठेचा. भात करत नाही, बटाटा आधीच आहे. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर तळाचा बटाटा निम्मा करून त्या जागी फ्लॉवर वाढवा.

मामंजींनी पहिल्यांदा डिशकडे बघून "हाई काय शे?" विचारलं होतं. मी काही सांगितलं नाही, नुसतं वाढलं. वांग्याचा धुरकट वास आणि काळा मसाला एकत्र आला तसे ते भाकरी मोडत राहिले. ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "बेस लागस." तेल किती घातलं ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासाच्या आत. खोल डिश तशीच आत ठेवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत काढा. दुसऱ्या दिवशी आत-बाहेर कडकडीत वाफा येईपर्यंत गरम करा, एकदाच, आणि जेवढं लागेल तेवढंच. चुरा मऊ पडलेला असतो, तर तव्यावर एक बाजू खरपूस करून घेते आणि ह्यांच्या डब्यात भाकरीत गुंडाळून देते. तिसऱ्या दिवशीपर्यंत आमच्याकडे कधी उरलं नाही, पण उरलं तर तो शेवटचा दिवस समजा.